मुकं अक्षर

आमचा कॉम्प्युटर बारा वर्षांचा.
ऑक्टोबरात एका सकाळी त्याने पडद्यावर सांगितलं,
हे यंत्र यापुढे पात्र नाही. नवीन घ्यावं.
हानुस कितीतरी वेळ ते वाचत बसला.
मग म्हणाला, कंपनीने मला बोटीवरून उतरवलं
ते याच सुरात.

फेरो बेटांवर तेव्हा वारा असा
की छपरावरचं गवत झोपून राहिलेलं.
लायब्ररीतला सिग्नार तशात चालत आला,
खिशात एक पेनड्राइव्ह, नाक लालबुंद.

फुकट? मी विचारलं.
अडतीस वर्षं शाळेत काढलेली बाई मी,
फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांची पोटं
दुखताना पाहिलीत.
सिग्नार म्हणाला, फुकट नाही हो, मोकळं.
म्हटलं, मोकळं तर आमचं खुराडंही होतं,
म्हणून तर कोंबड्या उरल्या नाहीत.

तरी रात्री सगळे फोटो दुसऱ्या डिस्कवर घेतले,
ती डिस्क पिठाच्या डब्यात, पिठाखाली, दोन पिशव्यांत.
पट्टी सरकू लागली. अठ्ठेचाळीस टक्क्यांवर अडली.
हानुस तिच्याकडे बघत राहिला,
इंजिनखोलीत दाबाच्या काट्याकडे बघायचा तसा:
पापणी न हलवता, हात गुडघ्यांवर.

पुढचे तीन दिवस प्रिंटर रुसला.
पत्त्यांचा जुना खेळ गेला,
नवा सापडला, हानुस त्यातही हरला.
मी मनात म्हटलं, हात दाखवून अवलक्षण.

आणि मग एका दुपारी लक्षात आलं
की हे यंत्र आपल्याशी आपल्या भाषेत बोलतंय.
धुण्याचं मशीन डॅनिश बोलतं,
रिमोट इंग्रजी,
आणि हा बारा वर्षांचा म्हातारा
पन्नास हजार माणसांच्या बोलीत विचारतो:
जतन करू?

चौथ्या यादीत मात्र ‘पान’ हा शब्द चुकलेला.

आमच्याकडे एक अक्षर आहे,
मान वाकवलेलं, मानेवर आडवी काडी.
लिहायचं असतं, उच्चारायचं नसतं.
मुलं ते गाळतात. मी लाल पेनाने भरते.
इथेही कुणीतरी गाळलं होतं.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नव्हतंच.

सांगायचं कुणाला? सिग्नारला विचारलं.
तुम्हीच करा, तो म्हणाला,
जणू समोरची खिडकी लोटायची आहे.

हजारो ओळींत ती एक ओळ
शोधता शोधता बटाटे करपले.
एका चौकटीत कारण मागितलेलं.
मी लिहिलं: ऐकू येत नसलं तरी ते तिथे असतं.
दोन दिवसांनी कुठल्याशा अनोळखी नावाने विचारलं,
नक्की ना? या अक्षराला तर आवाजच नाही.
मी कळवलं, याच अक्षरापायी
माझ्या दिराला मी दोनदा नापास केलंय.
उत्तर आलं: मग ठीक आहे.

मार्चमध्ये नवी आवृत्ती आली, ताज्या पावासारखी, न मागता.
हानुस मेंढ्यांची यादी छापायला बसला होता.
मी भांडी पुसायचं फडकं घेऊन मागे उभी.
यादी उघडली.
अक्षर जागेवर होतं,
मान वाकवून, काडी सांभाळत.
आमच्याकडे तसंच दूर त्या टोकाच्या बेटावर,
ज्या कुणाच्या घरात हे आहे, तिथेही.

वाच बरं, मी म्हटलं.
हानुसने ‘पान’ वाचलं.
ऑक्टोबरात वाचला असता तस्साच,
तेवढाच आवाज.
काय झालं? त्याने विचारलं.
काही नाही, म्हटलं.

प्रिंटर अजून कुरकुरतो.
डिस्क अजून पिठातच आहे.
आणि सातव्या यादीत मला आणखी एक दिसलंय.
मघापासून लाल पेन शोधतेय,
त्याचा इथे काही उपयोग नाही
हे पक्कं माहीत असून.